व्हॅलेन्सियात चार दिवस: काय पाहावे, काय सोडावे

प्रश्न: मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी, माझे पती, चौदा वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई असे चौघे स्पेनला जात आहोत. माद्रिदला नातेवाइकांकडे राहून आम्ही बुधवारी संध्याकाळी व्हॅलेन्सियाला पोहोचू आणि सोमवारी सकाळी तेथून निघू. ओळखीच्या एकाने शुक्रवारी बार्सिलोना आणि शनिवारी अलिकांते असा बेत आखून दिला आहे, कारण व्हॅलेन्सियात दोन दिवसांहून अधिक पाहण्यासारखे नाही असे त्याचे म्हणणे आहे. मुलाला फुटबॉल आणि विज्ञानाची आवड आहे. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि त्या साडीच नेसतात. समुद्रकिनाऱ्यावर त्यांना अवघडल्यासारखे होईल का, ही माझी खरी काळजी आहे. आमचा पैठणीचा पिढीजात व्यवसाय आहे आणि सासूबाईंनी स्वतः अनेक वर्षे मागावर काम केले आहे. योग्य सल्ला द्यावा. (एक वाचक, येवला)

उत्तर: सर्वप्रथम शुक्रवार आणि शनिवारचे दोन्ही दौरे रद्द करावेत, असे मी आपणास स्पष्टपणे सांगेन. बार्सिलोना रेल्वेने जवळपास तीन तासांच्या अंतरावर आहे आणि तेवढेच तास परतीला लागतात. म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांच्या व्यक्तीला सहा तास डब्यात बसवून एका अवाढव्य शहराच्या गर्दीत चार-पाच तास फिरवायचे, असा तो बेत आहे. अलिकांते त्या मानाने जवळ आहे, परंतु समुद्र, किल्ला आणि जुनी वस्ती पाहण्यासाठी एक सुंदर किनारी शहर सोडून दुसऱ्या किनारी शहरात जाण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. व्हॅलेन्सिया हे स्पेनमधील तिसऱ्या क्रमांकाचे शहर आहे आणि ते चार दिवसांत संपत नाही. आपल्या कुटुंबासाठी त्याचा आणखी एक मोठा गुण म्हणजे ते सपाट आहे. जुन्या शहरात चढउतार जवळजवळ नाहीतच.

ठिकाणांची यादी करण्याआधी तेथील दिवसाची रचना समजून घ्यावी, कारण आपल्याकडील सहली बहुधा याच बाबतीत फसतात. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन ते साडेतीनच्या दरम्यान होते, रात्रीचे जेवण नऊनंतर सुरू होते आणि मधल्या काळात, साधारण चार ते आठ, बहुतेक उपाहारगृहांची स्वयंपाकघरे बंद असतात. मेच्या मध्यावर तेथे सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो. त्यामुळे सकाळी साडेनऊ ते दीडपर्यंत फिरणे, दोन वाजता बसून जेवणे, साडेतीन ते सहा मुक्कामावर पडणे आणि सहा ते नऊ या वेळात पुन्हा बाहेर निघणे हा क्रम धरला, तर आपल्याला एका दिवसात दोन दिवसांचा उजेड मिळेल आणि सासूबाईंना दुपारची विश्रांतीही मिळेल. त्या महिन्यात तेथील तापमान येवल्याच्या मानाने फारच सौम्य, कमाल तेवीस-चोवीस अंशांच्या आसपास असते. पण ऊन थेट आणि प्रखर असते, म्हणून टोपी किंवा छत्री सोबत ठेवावी. सासूबाईंना रात्री नऊला जेवणे मानवणार नाही हे उघड आहे. त्यासाठी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. मुगाची खिचडी आणि दही संध्याकाळी सात वाजता घरीच होऊ शकते.

आपण बुधवारी संध्याकाळी पोहोचता हा एक सुयोग आहे, कारण व्हॅलेन्सियातील जी गोष्ट मी कोणालाही चुकवू देणार नाही ती फक्त गुरुवारी, आणि तीही दुपारी ठीक बारा वाजता घडते. कॅथेड्रलच्या ‘अपोस्टल्स’ नावाच्या दरवाजात, व्हर्जिनच्या चौकाकडे तोंड करून, अर्धवर्तुळात लाकडी खुर्च्या मांडल्या जातात आणि काळे अंगरखे घातलेले आठ शेतकरी प्रतिनिधी तेथे न्यायाधीश म्हणून बसतात. हे जल न्यायाधिकरण आहे. तुरिया नदीतून शहराभोवतीच्या मळ्यांना पाणी देणाऱ्या आठ कालव्यांचे हे प्रतिनिधी त्या कालव्यांवरील शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले असतात. चोपदार एकेका कालव्याचे नाव घेऊन, त्या कालव्याविषयी कोणाची तक्रार आहे का, असे मोठ्याने पुकारतो. तक्रार असल्यास सुनावणी तेथेच, तोंडी, व्हॅलेन्सियन भाषेत, वकिलांविना होते. ज्या कालव्याचे प्रकरण आहे त्याचा प्रतिनिधी निवाड्यात भाग घेत नाही आणि दिलेल्या निर्णयावर अपील नसते. परंपरेने या संस्थेचा उगम इ. स. ९६०च्या सुमारास, म्हणजे तेथील मुस्लिम राजवटीत सांगितला जातो, आणि २००९ मध्ये युनेस्कोने तिचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. आपल्याच जिल्ह्यातील बागलाणात मोसम नदीवर, आणि शेजारच्या धुळ्यात पांझरेवर, फड पद्धतीने शेतकऱ्यांनी पाटकरी नेमून पाणी वाटून घेतले आहे, हे सासूबाईंना ठाऊक असेल. त्यांना या बैठकीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

तक्रार नसेल, आणि ती बहुधा नसते, तर सारा प्रकार काही मिनिटांत आटोपतो. म्हणून पावणेबारालाच तेथे पोहोचून पुढे जागा घ्यावी आणि निराश होऊ नये. सार्वजनिक सुटीच्या दिवशी बैठक होत नाही, तेवढे आधी पाहून घ्यावे. त्याच चौकातील कारंज्यात आडवा पहुडलेला पुरुष म्हणजे तुरिया नदी, आणि त्याच्याभोवतीच्या आठ तरुणी म्हणजे ते आठ कालवे. त्यांपैकी एका कालव्याचे नाव मेस्ताया. १९२३ पासून व्हॅलेन्सियाच्या फुटबॉल संघाचे मैदान असलेल्या मेस्ताया स्टेडियमला ते नाव त्या कालव्यावरूनच मिळाले आहे, हे मुलाला अवश्य सांगावे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात हंगाम संपत आलेला असतो, पण सामन्यांचे वेळापत्रक तपासून पाहावे; स्टेडियमच्या अत्यंत उभ्या चढाच्या प्रेक्षागृहात सासूबाईंना मात्र नेऊ नये.

गुरुवारची सकाळ त्याच परिसरासाठी ठेवावी. साडेनऊला मध्यवर्ती बाजारापासून सुरुवात करावी. लोखंड, काच आणि रंगीत फरशांची ही भव्य मंडई १९२८ मध्ये पूर्ण झाली आणि तेथे आजही शहरातील लोक रोजचा बाजार करतात. ती दुपारी बंद होते आणि रविवारी उघडतच नाही. मांस-मासळीचा विभाग वेगळा असला तरी वास आणि दृश्य पूर्णपणे टाळता येत नाही, म्हणून सासूबाईंना फळे-भाज्यांच्या बाजूने आत न्यावे. बाजाराच्या समोरच ‘लोन्हा दे ला सेदा’, अर्थात रेशमाची पेढी आहे, आणि आपल्या कुटुंबाने तेथे घाई करू नये. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेल्या या व्यापारी वास्तूला युनेस्कोने १९९६ मध्ये जागतिक वारसा ठरवले. पीळ दिलेल्या दोरासारखे वर चढत जाणारे तिचे दगडी खांब छायाचित्रांतून परिचित असतात. परंतु भिंतीच्या वरच्या कडेने सोनेरी अक्षरांत कोरलेला लॅटिन मजकूर बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. जो व्यापारी बोलण्यात कपट करत नाही, दिलेला शब्द पाळतो आणि व्याजासाठी पैसा लावत नाही, तो संपत्तीत वाढतो आणि त्याला शाश्वत जीवनही लाभते, असा त्याचा आशय आहे. व्यापारी कुटुंबातील माणसाने तो मान वर करून वाचावा असे मला वाटते, व्याजाविषयीचा भाग कितीही गैरसोयीचा असला तरी.

तेथून थोड्याच अंतरावर वेलुतेर्स नावाची विणकरांची जुनी वस्ती आहे. येथील मखमल विणणाऱ्यांचा संघ १४७९ मध्ये स्थापन झाला; १६८६ मध्ये त्याला रेशीम कलेच्या महाविद्यालयाचा दर्जा मिळाला आणि त्याच्याच वास्तूत आज रेशीम संग्रहालय आहे. तेथे जुने हातमाग आहेत. मार्चमधल्या ‘फायास’ उत्सवात स्त्रिया जे भरजरी पोशाख घालतात, त्यांचे उत्तम प्रतीचे कापड अजूनही शहर आणि परिसरातील मोजक्या कारखान्यांत विणले जाते. प्रवासी पुस्तकांत या संग्रहालयाला दोन ओळी मिळतात, परंतु आपल्या सासूबाईंसाठी ते कॅथेड्रलपेक्षाही महत्त्वाचे ठरू शकेल. तेथील माग आणि येवल्याचा माग यांतला फरक त्याच आपल्याला सांगतील. त्यासाठी शुक्रवारची सकाळ पूर्ण मोकळी ठेवावी.

कॅथेड्रलमध्ये ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनातील म्हणून पूजला जाणारा प्याला आणि स्पॅनिश चित्रकार गोया यांची चित्रे आहेत. तेथील मिगेलेते मनोऱ्याला २०७ पायऱ्या असून त्या गोल जिन्याने चढाव्या लागतात. मुलाने आणि वडिलांनी चढावे, आपण दोघींनी चौकात बसून शीतपेय घ्यावे. तासाभराची सवड असेल तर सान निकोलास चर्चचे चित्रांनी पूर्ण मढवलेले छत पाहता येईल.

शहराच्या मधून जाणारी नदी नकाशात हिरवी दिसते, कारण तिच्यात पाणी नाही. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तुरियाला आलेल्या महापुरात शहर बुडाले आणि किमान ८१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर सरकारने शहराच्या दक्षिणेकडून नवे, रुंद पात्र खोदून नदी तिकडे वळवली. रिकाम्या झालेल्या जुन्या पात्रातून महामार्ग नेण्याचा विचार होता. नागरिकांनी त्याविरुद्ध चळवळ केली, पात्र आमचे आहे आणि ते आम्हाला हिरवे हवे आहे अशी त्यांची मागणी होती, आणि १९८० च्या दशकात तेथे उद्यान आकाराला येऊ लागले. आज जुन्या दगडी पुलांखालून सुमारे नऊ किलोमीटर लांबीची बाग जाते. नव्या पात्राचा दुसरा पैलूही ठाऊक असावा. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या अतिवृष्टीत या प्रांतात दोनशेहून अधिक लोक गेले. मुख्य शहर नव्या पात्रामुळे वाचले, पण त्याच्या दक्षिणेकडची पायपोर्ता, कातारोखा यांसारखी गावे उद्ध्वस्त झाली. शहरात पर्यटन नेहमीप्रमाणे सुरू आहे. त्या गावांकडे केवळ पाहायला म्हणून जाऊ नये.

बागेचा उपयोग रस्ता म्हणून करावा. शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर बाप-लेकांनी भाड्याने सायकली घेऊन सेरानोस मनोऱ्यांपासून समुद्राच्या दिशेने पात्रातून उतरत जावे. मार्ग सपाट आहे आणि मोटारींची भीती नाही. वाटेत कादंबरीतल्या गलिव्हरचा सत्तर मीटर लांबीचा आडवा पडलेला पुतळा लागतो, ज्याच्या अंगावर मुले घसरगुंडीसारखी खेळतात. चौदाव्या वर्षी आपण मोठे झालो असे वाटत असले तरी मुलगा तेथे थांबेल असा माझा अंदाज आहे. आपण आणि सासूबाईंनी बसने किंवा दहा क्रमांकाच्या ट्रामने थेट कला आणि विज्ञान नगरीत पोहोचावे. व्हॅलेन्सियातच जन्मलेल्या सान्तियागो कालात्रावा यांनी रचलेल्या या पांढऱ्या इमारती बाहेरून पाहायला पैसे पडत नाहीत, आणि सूर्य कलल्यावर त्या अधिक चांगल्या दिसतात, कारण भर दुपारी पांढरा काँक्रीट आणि उथळ पाणी यांमुळे डोळे दिपतात. माझे प्रामाणिक मत विचाराल तर त्यांचे सौंदर्य दुरून अधिक आणि जवळून थोडे कमी आहे.

आत जायचे ते शनिवारी सकाळी, आणि तेही सर्व इमारतींत नव्हे. ‘ओशनोग्राफिक’ हे २००३ मध्ये उघडलेले मत्स्यालय युरोपातील सर्वांत मोठ्या मत्स्यालयांपैकी एक आहे. त्यातील पाकळ्यांसारखे पातळ काँक्रीटचे छत फेलिक्स कांदेला या वास्तुरचनाकाराची कल्पना आहे. त्याला किमान चार तास हवेत आणि उघडण्याच्या वेळेसच आत शिरावे. विज्ञान संग्रहालयात वस्तूंना हात न लावण्यास मनाई आहे असे गमतीने लिहिलेले असते. आपला मुलगा मत्स्यालयापेक्षा तेथे रमेल असे वाटत असेल तर त्याला आणि वडिलांना तिकडे पाठवावे. एकाच दिवशी सगळ्यांनी दोन्ही पाहण्याचा हट्ट धरू नये.

आता भोजनाविषयी. पाएया हा भाताचा पदार्थ व्हॅलेन्सियाचाच, पण खऱ्या व्हॅलेन्सियन पाएयामध्ये कोंबडी आणि ससा असतो. त्यासोबत चपट्या हिरव्या शेंगा आणि आपल्याकडच्या डबल बीच्या जातीचे मोठे पांढरे दाणे असतात. शाकाहारी माणसाने ‘पाएया दे व्हेर्दुरास’, म्हणजे भाज्यांची पाएया मागवावी आणि भात कोणत्या रसात शिजवतात ते नक्की विचारावे, कारण भाज्या वर दिसत असल्या तरी खाली कोंबडीचा किंवा मासळीचा रस असू शकतो. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, काल्दो दे व्हेर्दुरास’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, रस भाज्यांचा, एवढे शब्द कागदावर लिहून जवळ ठेवावेत. पाएया दुपारीच खातात, रात्री नाही, आणि ती किमान दोघांसाठी केली जाते. चांगल्या ठिकाणी ती आधी सांगून ठेवावी लागते. तळाची खरवड टाकून देऊ नये, तिच्यासाठी तेथे भांडणे होतात.

फसवणुकीच्या जागा निराळ्याच आहेत. ‘व्हेखेताल’ नावाच्या सँडविचमध्ये बहुधा ट्यूना मासा आणि अंडे असते. ‘एसगार्राएत’ ही भाजलेल्या लाल मिरच्यांची कोशिंबीर निरागस दिसते, पण तिच्यात खारवलेला मासा असतो. ‘तोर्तिया’ अंड्याची असते. निर्धोक पदार्थ म्हणजे टोमॅटो चोळलेला पाव, तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, तिखट रशासह बटाटे (रस कशाचा ते विचारून), ऑलिव्ह, संत्री आणि ओर्चाता. नागरमोथ्याच्या कुळातील एका वनस्पतीच्या कंदांपासून केलेले हे गार, गोड, पांढरे पेय पूर्ण वनस्पतिजन्य असते. दुधासारखे दिसले तरी त्यात दूध नसते. हे कंद शहराला लागूनच असलेल्या आलबोराया गावाच्या मळ्यांत पिकतात आणि मेट्रोने तेथवर जाऊन ओर्चाता पिणे हा शहरवासीयांचाही नित्याचा कार्यक्रम आहे. सोबत मिळणाऱ्या ‘फार्तोन’ नावाच्या लांबट गोड पावात मात्र अंडे असते.

शनिवारी संध्याकाळ आलबुफेरासाठी ठेवावी. शहराच्या दक्षिणेस दहा-बारा किलोमीटरवर असलेले हे उथळ सरोवर आणि भोवतालची भातशेती १९८६ पासून नैसर्गिक उद्यान म्हणून संरक्षित आहे. शहर बसचा २४ क्रमांकाचा मार्ग एल पालमार गावापर्यंत जातो. मे महिन्यात भाताच्या खाचरांत पाणी भरून पेरणी होत असते, त्यामुळे जमीन आणि सरोवर यांतली सीमा नाहीशी झालेली दिसते. हिरवा भात पाहायचा असेल तर जून-जुलै हवा होता, पण पाण्याने भरलेली खाचरेही मला कमी वाटत नाहीत. तेथे सूर्यास्तापूर्वी नावेने फेरी मारता येते. नावेत चढताना पायरी असते, नावाड्याला आधी सांगावे. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच पाहून घ्यावी, नाहीतर टॅक्सीचे पैसे मोजावे लागतील.

समुद्र रविवारी सकाळी पाहावा. लास आरेनास आणि मालव्हारोसा हे किनारे ट्रामने सहज गाठता येतात. साडीविषयी निश्चिंत असावे. किनाऱ्याला समांतर रुंद, सपाट पादचारी मार्ग आहे, त्यावर पूर्ण पोशाखातील वृद्ध माणसे सकाळी फिरत आणि बाकांवर गप्पा मारत असतात, आणि कोणी कोणाकडे वळून पाहत नाही. खाली वाळूवर काही स्त्रिया उघड्या अंगाने ऊन घेत पडलेल्या दिसतील. स्पेनमध्ये ते बेकायदा नाही, आणि सासूबाईंना आदल्या दिवशी तेवढे सांगून ठेवले तर त्यांना धक्का बसणार नाही. पाणी मेमध्ये पोहण्याच्या दृष्टीने गारच असते, मुलगा तरीही उतरेल. याच किनाऱ्यावर व्हॅलेन्सियाचे चित्रकार होआकिन सोरोया (१८६३ ते १९२३) यांनी उन्हात चमकणारी मुले, शिडाच्या होड्या आणि त्या ओढणारे बैल रंगवले. त्यांची काही चित्रे शहराच्या ललितकला संग्रहालयात आहेत, प्रवेश विनामूल्य आहे आणि आत गारवा असतो. गुरुवारी संध्याकाळी तेथे जाऊन यावे, म्हणजे रविवारचा किनारा ओळखीचा वाटेल. किनाऱ्याच्या मागेच काबान्याल ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे, रंगीत फरशा जडवलेल्या बुटक्या घरांची. तिच्यातून रुंद रस्ता नेण्यासाठी शेकडो घरे पाडण्याची योजना रहिवाशांनी अनेक वर्षे झुंजून रोखली. दोन-तीन गल्ल्या पाहून झाल्या की दीड-दोनच्या सुमारास किनाऱ्यावरच पाएयाला बसावे.

घरून निघण्यापूर्वी तीनच गोष्टींची नोंदणी करावी: माद्रिदहून येण्या-जाण्याची वेगवान रेल्वे, जी दोन तासांच्या आत पोहोचवते, मत्स्यालयाची शनिवारची तिकिटे, आणि रविवारच्या दुपारचे टेबल, भाज्यांची पाएया मागून. रविवारी तेथे घरोघरची कुटुंबे बाहेर जेवायला येतात आणि आयत्या वेळी चौघांना जागा मिळणे कठीण असते. नोंदणी करताना ज्येष्ठ व्यक्ती सोबत आहे असे कळवून सावलीतील टेबल मागावे.